‘तेव्हाच का नाही बोललीस?’

2024 चा ऑगस्ट महिना अजून विसरता येत नाही. 9 तारखेला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. 20 तारखेला बदलापुरात हजारो माणसं रुळांवर उतरली, कारण शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि त्यांच्या आईवडिलांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. या दोन तारखांच्या मध्ये, 19 ऑगस्टला, केरळ सरकारने एक अहवाल खुला केला. मल्याळम चित्रपटसृष्टीत काम करणाऱ्या स्त्रियांना काय सोसावं लागतं, याचा तो न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल.

आपल्याकडे बदलापूरच्या संतापात हा अहवाल थोडा मागे पडला. मला मात्र आजच्या विषयासाठी तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. समिती नेमली गेली 2017 साली. तिने अहवाल सरकारच्या हाती ठेवला डिसेंबर 2019 मध्ये. म्हणजे स्त्रिया बोलल्या होत्या. निवृत्त न्यायाधीशांसमोर बसून, एकेक गोष्ट आठवून, त्यांनी सांगितलं होतं. त्यानंतर साडेचार वर्षांहून जास्त काळ तो कागद बंद राहिला. अहवाल खुला झाल्यावर काही अभिनेत्री आपापल्या नावानिशी पुढे आल्या, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न आला तो ठरलेलाच: इतकी वर्षं कुठे होतीस? तेव्हाच का नाही बोललीस?

हा प्रश्न विचारणारी सगळीच माणसं दुष्ट नसतात. अनेकांना खरोखरच कळत नाही. पाकीट मारलं तर माणूस लगेच ओरडतो, मग हे का लपवायचं? म्हणून हा प्रश्न प्रामाणिक आहे असं धरून, पहिल्यापासून उत्तर शोधू या.

आधी छळ कशाला म्हणायचं?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे 2013 चा कायदा आहे. त्याला सगळीकडे ‘पॉश कायदा’ म्हणतात. नकोसा स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याच प्रकारचं शब्दांनी, हावभावांनी, नजरेने केलेलं इतर कुठलंही नकोसं वर्तन, हे सगळं त्यात येतं. या व्याख्येतला सर्वांत वजनदार शब्द ‘नकोसं’ हा आहे.

तो समजून घ्यायला पंगत आठवा. वाढपी जिलेबी घेऊन येतो, आग्रह करतो. जेवणारा पानावर आडवा हात धरतो. चांगला वाढपी तिथे थांबतो. एखादा मात्र हात बाजूला सारून वाढतोच, वर हसतोही. त्याला ती गंमत वाटते. पण पोट कुणाचं भरलं आहे, हे जेवणाऱ्यालाच ठाऊक. ‘मी प्रेमाने वाढलं’ हे त्यावर उत्तर होत नाही. आता असं समजा की वाढपी हाच गावचा सावकार आहे आणि जेवणाऱ्याची जमीन त्याच्याकडे गहाण आहे. जेवणाऱ्याने पानावर हात धरलाच नाही. म्हणून त्याला जिलेबी हवी होती असं म्हणता येईल का? छळाच्या प्रत्येक प्रकरणात ही दोन माणसं असतात: एकाच्या हातात वाढप आणि दुसऱ्याचं काहीतरी त्याच्याकडे गहाण. पगार, बढती, प्रॅक्टिकलचे मार्क, पीएच.डी.ची सही, खेळाडूची संघातली निवड.

आपल्या शब्दांनीच तिला गप्प केलं आहे

मराठीतले शब्द जरा कान देऊन ऐका. ‘छेड काढली’. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर मस्करी येते, गुन्हा येत नाही. ‘विनयभंग’ हा तर कायद्याच्या भाषेत पक्का बसलेला शब्द. हात त्याने टाकला, पण भंगलं काय, तर तिचा विनय. ‘अब्रू लुटली’ म्हणतो तेव्हा चमत्कार बघा: घर लुटलं गेलं तर मान खाली जाते चोराची, इथे जाते लुटलेल्या घराची.

वाक्यं कशी बनतात तेही पाहा. ‘चोराने दुकान फोडलं’ यात कर्ता समोर उभा आहे. ‘तिच्यावर अत्याचार झाला’, ‘तिची अब्रू गेली’, ‘तिच्यासोबत काहीतरी झालं’ या वाक्यांत करणारा कुठेच नाही. जणू पाऊस झाला. ज्या भाषेत लहानपणापासून ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ आणि ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे ऐकलं, त्याच भाषेत तिने एके दिवशी उठून सांगायचं असतं. तोंड उघडण्याआधीच आपला बोभाटा होणार, हे तिला भाषेनेच सांगून ठेवलेलं असतं.

‘ओरडली का नाही?’

हा झाला शरीराचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बरंचसं विज्ञानाने दिलं आहे. संकट आलं की माणूस लढतो किंवा पळतो, हे शाळेत सांगतात. तिसरा प्रकार राहून जातो: गोठणं. अंगावर काटा यावा तसं हे आपोआप घडतं, ठरवून होत नाही. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर मदत केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी अंग लक्षणीय प्रमाणात असं थिजल्याचं सांगितलं आणि जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत ते टोकाचं होतं.

रस्ता ओलांडताना अचानक ट्रक समोर आला की माणूस जागच्या जागी खिळतो. त्याला नंतर कुणी म्हणत नाही की तुला ट्रक हवा होता.

गोठण्याचा दुसरा परिणाम नंतर दिसतो. ‘मी का ओरडले नाही?’ हा प्रश्न ती स्वतःलाच विचारत राहते, दुसऱ्या कुणी विचारायच्या कितीतरी आधी. उत्तर सापडत नाही तेव्हा ती स्वतःलाच दोषी धरते. आणि स्वतःला दोषी मानणारं माणूस तक्रार करायला जात नाही.

शिवाय, छळ बहुतेक वेळा एका फटक्यात होतच नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते तसा तो मुरत जातो. आधी सकाळचा ‘गुड मॉर्निंग’. मग साडीचं कौतुक. मग रात्री अकराला ‘जागी आहेस का?’. मग फाईल देताना हात थोडा जास्त वेळ. पोपडे पडायला लागले की आपण म्हणतो भिंत खराब झाली, पण ओल नेमकी कोणत्या दिवशी शिरली ते सांगता येत नाही. चौकशीत मात्र पहिला प्रश्न तोच असतो: सुरुवात कोणत्या तारखेला झाली?

वंदनाचा हिशोब

मोठ्या गोष्टी बाजूला ठेवून एक साधं उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत वंदना कॅशियर आहे. पगार 16 हजार. व्यवस्थापक साहेब संध्याकाळी कॅश टॅली करताना मुद्दाम खुर्चीला खेटून उभे राहतात, खांद्यावर हात ठेवतात, घाणेरडे विनोद मोबाईलवर पाठवतात. वंदना बारावीला गणितात पहिली आलेली मुलगी आहे. ती गप्प आहे, पण डोकं चालू आहे. ती हिशोब करते आहे.

तक्रार केली तर? भावाच्या लग्नाला याच संस्थेतून कर्ज काढलं आहे आणि शेजारच्या काउंटरवरचे काका त्याला जामीन आहेत. संचालक मंडळात नवऱ्याचे चुलते आहेत, आणि साहेब त्यांच्या मर्जीतले. साहेबांच्या बायकोने संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, ती कुणाची बाजू घेईल हे उघड आहे. गावात दुसरी अशी नोकरी नाही. पुरावा म्हणून काय, तर खांद्यावरचा हात, ज्याची खूण उरत नाही, आणि विनोद, जे ‘सगळ्यांनाच पाठवतो’ असं साहेब म्हणतील.

आणि घरी सांगितलं तर? माझ्या मते सर्वांत मोठी गाठ इथे आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. नवरा भला माणूस आहे. तो चिडेल, आणि म्हणेल, ‘उद्यापासून जाऊ नकोस.’ त्याला वाटेल त्याने तिला वाचवलं. तिच्या वाट्याला मात्र घर येईल आणि साहेबांची खुर्ची जागच्या जागी राहील.

खेड्यातून एसटीने तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीही नेमकं हेच ओळखून असतात. स्टँडवर टोळकं रोज त्रास देतं हे घरी कळलं, तर टोळक्याचं काहीच होत नाही. मुलीचं कॉलेज बंद होतं आणि त्याच उन्हाळ्यात स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून ती आईला म्हणते, ‘आज गर्दी होती गं, म्हणून उशीर झाला.’ ती खोटं बोलते ते स्वतःचं शिक्षण वाचवण्यासाठी. घरच्यांच्या मायेपोटीच तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्या अशा किती मुली आपल्या घराघरांत असतील.

सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली गुजरातमधल्या एका खटल्याच्या निकालात अशा कारणांची यादीच दिली होती: समाज वाळीत टाकेल ही धास्ती, नवऱ्याचं प्रेम आणि आदर गमावण्याची भीती, लग्न न जमण्याची भीती, उलटतपासणीतली लाज. त्या निकालातल्या स्त्रीविषयीच्या काही कल्पना आज जुनाट वाटतात, यादी मात्र अजून खरी आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या सुमारे 14 टक्केच होत्या. उरलेल्यांनीही वंदनासारखाच काहीतरी हिशोब मांडला असणार.

या हिशोबात अजून एक ओळ असते. वंदनाच्या आधी त्या खुर्चीवर जी मुलगी होती, ती एके दिवशी अचानक नोकरी सोडून गेली. का गेली ते कुणी सांगत नाही. अळीमिळी गुपचिळी. वंदनाला ते सांगायची गरजही नाही, तिला कळलं आहे. प्रत्येक स्त्री बोलण्याआधी बघते की आधी जी बोलली तिचं काय झालं.

आधी ज्या बोलल्या, त्यांचं काय झालं?

1972 साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका अनाथ आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. वय 14 ते 16 च्या दरम्यान. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वेगळा विचार केला: दहशतीपुढे निमूट राहणं आणि संमती देणं या एक गोष्टी नाहीत. तिथे शिक्षा झाली. पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना मुक्त केलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार. वर गोठण्याबद्दल जे वाचलं ते आठवून हा युक्तिवाद पुन्हा वाचा.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 मध्ये देशभर मोर्चे निघाले, मुंबईत स्त्रियांनी बलात्कारविरोधी मंच उभारला, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालय ते गृहीत धरून पुढे जाईल, असं ठरलं. पीडितेची ओळख छापायला बंदी आली. म्हणूनच, तिचं नाव जगजाहीर झालेलं असलं तरी, मी ते इथे लिहिलेलं नाही.

राजस्थानच्या भटेरी गावातल्या भंवरी देवी सरकारी कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत. 1992 मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. 1995 मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, असाही तर्क त्या निकालात होता. अपील वर्षानुवर्षं रेंगाळलं. पण काम करताना जिच्यावर हल्ला झाला तिची जबाबदारी मालकावर नाही का, हा प्रश्न घेऊन ‘विशाखा’ आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 13 ऑगस्ट 1997 ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. आज बंगळूरच्या किंवा हिंजवडीच्या आयटी कंपनीत ज्या समितीकडे तक्रार करता येते, तिचं मूळ भटेरीत आहे. जिच्यामुळे ती मिळाली, तिला स्वतःला न्याय मिळाला नाही.

पद मोठं असलं म्हणजे सोपं जातं असंही नाही. आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांनी 1988 मध्ये पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध तक्रार केली, एका मेजवानीत केलेल्या वर्तनाबद्दल. उच्च न्यायालयाने ती क्षुल्लक म्हणून फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये खटला पुन्हा उभा केला, 1996 मध्ये गिल दोषी ठरले, आणि शेवटचा निकाल लागायला 2005 उजाडलं. सतरा वर्षं. जिल्ह्याचा कारभार चालवू शकणाऱ्या बाईला सतरा वर्षं लागली. वंदना हे वाचते तेव्हा काय शिकते?

‘आता कायदा आहे ना?’

आहे, आणि कागदावर तो चांगला आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची, म्हणजे मालकाच्या पगारावर नसलेली. चौकशी 90 दिवसांत संपवायची. त्या काळात तक्रारदार किंवा समोरची व्यक्ती यांची बदली करता येते, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. गुप्तता राखणं बंधनकारक आहे. दहाहून कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही तीच समिती.

आता प्रत्यक्षात. 2023 मध्ये देशाचे नामवंत कुस्तीगीर जंतरमंतरवर बसले. साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांच्या गळ्यात ऑलिंपिकची पदकं होती. महिला खेळाडूंच्या तक्रारीवरून कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्यावर. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नोंदवलं की देशातल्या 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 मध्ये अशी समितीच नव्हती. कायदा येऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

खाली उतरलं की चित्र आणखी धूसर होतं. बीडहून ऊसतोडीला निघालेलं जोडपं घ्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, हंगामाआधी मुकादम दोघांच्या नावे उचल देतो आणि ती फिटेपर्यंत दोघं बांधलेले असतात. मुकादमाने त्रास दिला तर तिचा मालक कोण? मुकादम, वाहतूकदार, की कारखाना? फडात पालावर राहणाऱ्या बाईने तक्रारीसाठी परक्या जिल्ह्याच्या ठिकाणी कसं जायचं, आणि त्या दिवसाची मजुरी व अंगावरची उचल यांचं काय करायचं? दहा माणसांच्या ऑफिसची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला कायदा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी अडचण मुदतीची. समितीकडे तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कोलकात्याच्या विधी विद्यापीठातलं प्रकरण होतं. आरोप कुलगुरूंवर. मुदत उलटून गेल्यामुळे तक्रार ग्राह्य धरता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केलं, पण हा निकाल कुलगुरूंच्या कारकिर्दीच्या माहितीपत्रात कायम नमूद राहावा असाही आदेश दिला. म्हणजे दार बंद झालं हे कबूल, पण दारामागे काही घडलंच नाही असं म्हणायला न्यायालय तयार नव्हतं. गोठलेल्या, स्वतःला दोष देणाऱ्या, कर्जाचा हप्ता मोजणाऱ्या बाईला सहा महिने पुरत नाहीत. ही मुदत वाढायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. पोलिसांकडे जायला मात्र ही तीन महिन्यांची अट नाही, हे अनेकींना ठाऊकच नसतं.

‘पण खोट्या तक्रारीही होतात’

होतात. कुठल्याही कायद्याचा गैरवापर होतो. म्हणूनच याच कायद्यात कलम 14 आहे: जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं सिद्ध झालं तर कारवाई होते. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. दादर स्टेशनवर खिसा कापला गेला आणि चोर सापडला नाही, तर पोलीस असं म्हणत नाहीत की खिसा कापलाच नव्हता. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं होतं’ यांच्यात मोठं अंतर आहे, आणि चहाच्या टपरीवरच्या गप्पांत ते रोज पुसलं जातं.

आरोप झालेल्या माणसाला नीट चौकशीचा हक्क आहे, याबद्दल शंका नको. वर सांगितलेला मे 2023 चा निकाल मुळात गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा होता. समितीने चौकशी इतक्या घाईत उरकली की शिक्षकाला बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नाही, असं सांगून न्यायालयाने कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला लावली. यात तोटा कुणाचा? शिक्षकाचा झालाच, पण ज्या विद्यार्थिनींनी धीर करून सांगितलं त्यांना सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. समितीला प्रशिक्षण न देणारी संस्था दोन्ही बाजूंवर अन्याय करते.

‘वीस वर्षांनी पुरावा कुठून आणणार?’

उशीर झाला की पुरावा विरळ होतो, हे खरं. पण उशीर म्हणजेच खोटेपणा, हे न्यायालयांनी केव्हाच नाकारलं आहे. 1996 मध्ये पंजाबमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा गुन्ह्यात तक्रारीला विलंब होण्यामागे घराण्याच्या इभ्रतीसारखी कारणं असतात आणि ती समजून घ्यायला हवीत.

2018 च्या ‘मी टू’ लाटेत पत्रकार प्रिया रमाणी यांनी तेव्हाचे मंत्री एम. जे. अकबर यांच्याविषयी जुना अनुभव सांगितला. इतरही अनेक स्त्रिया बोलल्या. अकबर यांनी रमाणींवर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला आणि मग राजीनामा दिला. 17 फेब्रुवारी 2021 ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवताना सांगितलं की स्त्रीला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, दशकांनंतरही मांडण्याचा हक्क आहे. ‘अब्रू’ या शब्दाची दिशा मला त्या दिवशी किंचित वळलेली वाटली. खटला त्याच्या अब्रूसाठी होता, आणि न्यायालय तिच्या प्रतिष्ठेबद्दल बोललं.

समाजमाध्यमावर थेट नाव घेण्यात धोका आहे, हे मी नाकारत नाही. चौकशीशिवाय माणूस बदनाम होऊ शकतो. पण पुढचा दरवाजा कुलूपबंद ठेवून, लोक खिडकीतून का ओरडतात असं विचारण्यात अर्थ नाही.

‘आणि पुरुषांवर होतं त्याचं काय?’

हा आक्षेप बरेचदा विषय टाळण्यासाठी येतो, तरी तो खरा आहे. पॉश कायद्यात तक्रारदार स्त्रीच असू शकते. मुलांसाठीचा 2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांत विद्यार्थी व तृतीयपंथी यांनाही तक्रार करता येते. सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलमच उरलं नाही. ही मोठी उणीव आहे. मुलग्यांचं मौन आणखी घट्ट असतं, कारण ‘बायकांसारखं रडतोस काय’ हे त्यांनी पाळण्यापासून ऐकलेलं असतं. ज्या अब्रूच्या कल्पनेने मुलीचं तोंड बांधलं, तिनेच मुलाचंही बांधलं आहे.

मग बदललं काय?

बरंच. 1978 मध्ये जखमा नसणं म्हणजे संमती होती, आज कायदा म्हणतो की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. पूर्वी उलटतपासणीत तिचं चारित्र्य काढता येत असे, ती तरतूद 2003 मध्ये गेली. तिला आधी शरीरसंबंधांची सवय होती का हे बघण्याच्या नावाखाली डॉक्टरांकडून होणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवली. आमच्या आईच्या पिढीकडे या त्रासाला नावच नव्हतं. ‘तसल्या माणसापासून जपून राहा’ एवढंच त्या एकमेकींच्या कानात सांगत. आज दहावीतली मुलगी ‘मला हे नको आहे’ असं स्पष्ट म्हणते, तेव्हा मला खरंच आनंद होतो.

बदलायचा राहिला आहे तो पहिला ऐकणारा. अत्याचार झालेली व्यक्ती सहसा आधी पोलिसांकडे जात नाही, मैत्रिणीकडे, बहिणीकडे, शेजारच्या काउंटरवरच्या काकांकडे जाते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीतलाच असतो, त्यामुळे ऐकणाराही बहुधा त्या दोघांना ओळखत असतो. ‘अगं, ते तसे नाहीत’ हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार असतं.

समजा, ते काका तुम्ही आहात. संध्याकाळी शटर ओढताना वंदना म्हणते, ‘काका, साहेबांचं एक सांगायचं होतं.’ तिला शटरच्या आवाजात सांगायला लावू नका. आत बसवा. मध्ये न बोलता ऐका. तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं हे तिला आज रात्रीच वहीत लिहून ठेवायला सांगा, मोबाईलवरचे मेसेज पुसू नकोस म्हणा. संस्थेत चौदा माणसं आहेत, म्हणजे समिती असायलाच हवी. नसेल तर तिला सांगा की जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक समिती आहे, सरकारचं ‘शी-बॉक्स’ नावाचं तक्रार संकेतस्थळ आहे, महिला हेल्पलाइनचा नंबर 181 आहे. तक्रार करायची की नाही हे तिचं ती ठरवेल. तिच्या नवऱ्याला तुम्ही फोन करू नका. आणि उद्यापासून कॅश टॅलीच्या वेळी तुमची खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढून बसा. साहेबांनी विचारलं, तर सांगा की आजपासून टॅली दोघं मिळून करणार.